कानात सांगायचं नाव

आजारातून उठलेली माणसं लिहायला बसली की शहाणी होतात, असं मी पाहिलं आहे. मी झाले नाही. ज्यांना उपदेश हवा असेल त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

लिहायचं कारण एवढंच, की परवा शेजारची सून माझ्याकडे येऊन बसली. तिला सातवा सरलेला, अंगात कणकण, आणि कुणीतरी तिला सांगितलेलं की पहिल्या खेपेला माझंही असंच झालं होतं. तिने विचारलं, भीती वाटली होती का? मी हो म्हटलं. ती चहा न पिताच उठून गेली. मग माझ्या लक्षात आलं, की उत्तर खरं होतं पण अपुरं होतं. उरलेलं इथे लिहिते.

चंद्र

त्या हिवाळ्यात फ्लू जग फिरत फिरत नागपुरात उतरला. मी तेव्हा मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत असे. बंदरं, आगगाडीचे रस्ते, जंक्शनं हे सगळं मुलींकडून पाठ करून घ्यायचे. फ्लूने तोच धडा माझ्या मुलींपेक्षा नीट गिरवला. बंदरावर उतरला, गाडीत बसला, आणि जिथे चारी दिशांच्या गाड्या थांबतात तिथे तोही थांबला. वर्गातली निम्मी बाकं ओस पडली. उरलेल्या मुलींच्या रुमालांना निलगिरीच्या तेलाचा वास येई.

पहिलं बाळंतपण माहेरी, रामटेकला, असं ठरलं होतं. पण तिथे आई-बाबा दोघंही तापाने पडले आणि आईने निरोप धाडला, येऊ नकोस. मी नागपुरातच, महाल भागात राहिले. आम्ही तिथे एका माडीवर भाड्याने राहत असू: मी, माझे पती श्रीधर आणि सासूबाई. खाली फरसबंद चौक, चौकाला लागून न्हाव्याचं दुकान, आणि वर आमच्या गॅलरीत वाळणाऱ्या सासूबाईंच्या कुरड्या.

सातव्या महिन्यात शाळेच्या परीक्षांमुळे माझं डोहाळजेवण राहून गेलं होतं. आठवा अशा कार्याला चालत नाही. म्हणून नववा लागताच सासूबाईंनी दिवस धरला. गावात साथ आहे, चार बायका कमी बोलवाव्यात, असं मी सुचवून पाहिलं. त्या म्हणाल्या, "साथ काय, येते नि जाते. नववा महिना परत येतो का?" 

डोहाळजेवणाला आमच्याकडे बाईला चंद्रात बसवतात. पुठ्ठ्याची कोर, तिला चंदेरी कागद, मागे निळी चादर. कोर भाड्याने आणलेली होती आणि ती बहुधा सातव्या महिन्याच्या मापाने केलेली असावी. मी तीत मावत नव्हते. फुलांचा मुकुट, फुलांच्या बांगड्या, फुलांचा कंबरपट्टा चढवून पौर्णिमेचा ऐवज चतुर्थीच्या कोरीत कोंबला गेला आणि फोटोवाल्याने मला हसायला सांगितलं.

मग घास भरवण्याचा कार्यक्रम. पहिला मान थोरल्या मामींचा, म्हणजे सासूबाईंच्या भावजयीचा. मामा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले होते. मामी झाल्या नव्हत्या. त्यांनी साखरभाताचा घास केला, तोंड बाजूला वळवून त्याच मुठीत खोकल्या, आणि तो मला भरवला. मग शास्त्र म्हणून दुसराही. तोंडातल्या लवंगेचा वास मला आला. सगळ्या बायकांसमोर, मुकुट घालून, चंद्रात बसलेल्या बाईला 'नको' म्हणता येत नाही. मी गिळला.

फ्लू मामींनीच दिला असं मी म्हणत नाही. शाळेतून, भाजीबाजारातून, कुठूनही आला असता. रोग कुठून आला ते सांगता येत नाही. घास कुठून आला ते सांगता येतं, इतकंच.

पोट आणि ताप

दोन-तीन दिवसांत अंग ठणकायला लागलं. सासूबाईंच्या मते दोष संत्र्यांचा होता. नागपुरात हिवाळ्यात काहीही झालं तरी ते संत्र्यांमुळे होतं. संत्री खाल्ली म्हणून किंवा पुरेशी खाल्ली नाहीत म्हणून. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, मग पोटाला लावली, मग पुन्हा छातीला, आणि माझ्याशी न बोलता श्रीधरना बाहेर बोलावलं. निदान म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं: तुमच्याबद्दलची गोष्ट दाराबाहेर हलक्या आवाजात बोलली जाते. परत आल्यावर श्रीधर म्हणाले, काही विशेष नाही. त्यांच्या शर्टाची बटणं एक घर चुकून लागलेली होती, आणि ती सकाळी नीट होती.

त्याच दुपारी कळा सुरू झाल्या. वेळेच्या बऱ्याच आधी.

मी सायकलरिक्षात, बाजूला सायकलवर श्रीधर, एका हाताने रिक्षाचा टप धरून; जणू रिक्षा त्यांना सोडून पळून जाणार होती. दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात गेलो तर तिथल्या सिस्टरने कपाळाला हात लावून सांगितलं, ताप आहे, इथे नाही चालणार. बरोबर होतं. तापाच्या वॉर्डात गेलो तर तिथल्या सिस्टरने पोटाकडे पाहून सांगितलं, इथे नाही चालणार. तेही बरोबर होतं. दोन बरोबर माणसांच्या मधल्या व्हरांड्यात मी एका ढकलगाडीवर पडून होते आणि कळा येत होत्या. मला आडवं राहवत नव्हतं. मी उतरायला लागले की श्रीधर म्हणायचे, झोप. झोपले की पुन्हा उठावंसं वाटायचं. शेवटी तापाच्या वॉर्डाच्या टोकाला एक कोपरा पडदे लावून मोकळा केला गेला. तिथे माझी मुलगी जन्मली.

ती रडली, पण दाराची बिजागरी वाजावी एवढीच. तिला लगेच गुंडाळून नेलं, कारण मी तापाची आणि ती अपुऱ्या दिवसांची. मला तिची फक्त एक टाच दिसली.

काचेपलीकडे

शेजारच्या सुनेला मी सांगेन की सगळ्यात वाईट भाग दुखण्याचा नव्हता. तापात माणूस अर्धवट असतो, ती एक सोयच आहे. वाईट होतं ते ताप उतरू लागल्यावर, जेव्हा हातपाय माझे होते, डोकं माझं होतं, आणि बाळ व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, काचेआडच्या खोलीत होतं. मी उठायचे, दारापर्यंत जायचे, सिस्टर परत पाठवायची. घोंगडी घडी करायची, उलगडायची, पुन्हा घडी करायची. पलीकडच्या खाटेवरच्या बाईने एकदा मला विचारलं, तुम्ही घोंगड्या विकता का?

सकाळी मोठ्या डॉक्टरांचा राऊंड असे. त्याआधी चादरी ताणल्या जात, भांडी खाटांखाली ढकलली जात, आणि सिस्टर मोठ्याने बजावून जाई की राऊंड चालू असताना कुणी खोकायचं नाही. तापाच्या वॉर्डात. मग मोठे डॉक्टर, मागे मधले डॉक्टर, त्यांच्यामागे शिकाऊ पोरं, शेवटी फायली धरलेली आया, अशी स्वारी निघे, आणि सगळा वॉर्ड श्वास रोखून बसे. स्वारी दाराबाहेर पडली रे पडली की चारी बाजूंनी खोकल्यांची आतषबाजी होई. माझ्या त्या दिवसांतला तेवढाच विरंगुळा.

आयेचं नाव पार्बताबाई. भेटायला येणारे लोक संत्री आणत, सासूबाईंची मला बंदी, म्हणून ती पार्बताबाई खाई. सालं सोलता सोलता बाळाची बातमी देई. "पोरगी मस्त हाय, बाई. काहून जीवाले घोर लावून राहिल्या? खाते, झोपते. लय झोपते." एका संत्र्याला एक बातमी, असा साधारण भाव होता, आणि बातमी नेहमी तीच असे.

श्रीधरना काचेपर्यंत जाऊ देत. ते तिथून येऊन माझ्या खिडकीबाहेर उभे राहत. कशी आहे विचारलं की म्हणत, बरी आहे. मी खोदून विचारी. नाक कसं आहे? ते विचार करून म्हणत, "आहे." हा मनुष्य सरकारी कचेरीत अहवाल लिहितो, हे त्या दिवसांत मला राज्यकारभाराबद्दल बरंच काही शिकवून गेलं.

सासूबाईंनी घरून चांदीचं बोंडलं आणलं, त्यांच्या मुलांना ज्याने दूध पाजलं होतं ते, पन्हाळीसारखं तोंड असलेलं. माझं दूध पिळून वाटीत घेतलं जाई, आधी फेकलं जाई, नंतर ताप गेल्यावर त्या बोंडल्याने तिला दिलं जाऊ लागलं. सासूबाईंनी ते धुवायला कधी आयेकडे दिलं नाही. रोज स्वतः उकळत. डोहाळजेवणाबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत, मीही नाही. पण फोटोवाला फोटो घेऊन आला तेव्हा त्यांनी ते न उघडताच कपाटावर टाकले, असं श्रीधर म्हणाले.

फक्त एकदा, खिडकीशी उभ्या असताना, त्यांच्या तोंडून निघून गेलं. मामींनी म्हणे निरोप दिला होता: तापातलं बाळंतपण आहे, पोरीचे कान-डोळे नीट पाहून घ्या. आमच्या नात्यातल्या कुणाचं तरी मूल असंच बहिरं निघालं होतं. सासूबाईंनी हे सांगितलं आणि लगेच म्हणाल्या, जाऊ दे, मामींना काय कळतं.

मामींना काही कळत नाही, हे माझं जुनं मत होतं. ते त्या दिवशी माझ्या कामी आलं नाही.

टिनाचं झाकण

ताप पूर्ण गेल्यावर मला तोंडाला जाळीचं फडकं बांधून बाळाजवळ बसू देऊ लागले. नाक होतं. शिवाय माझंच होतं, म्हणजे वाईट. मी तिला मांडीवर घेऊन बसले असताना मागे एक गाडी भिंतीला धडकली आणि तिच्यावरची स्टीलची भांडी फरशीवर कोसळली. खोलीतली सगळी बाळं एकदम रडायला लागली.

माझी झोपली होती. पापणीही हलली नाही.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, लहान आहे, अशी बाळं झोपतात. मग म्हणाल्या, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, शिकवते. "वाचताही?" मी हो म्हटलं. "मग सध्या वाचू नका." सल्ला चांगला होता, पण उशिरा आला. आईला आजार झाला तर मुलाचे कान जाऊ शकतात, असं मी वाचनालयातल्या एका जाड पुस्तकात पूर्वीच वाचलं होतं. ते पान दुसऱ्या रोगाचं होतं, हेही मला ठाऊक होतं. भीती प्रकरणाचं नाव बघून वाचत नाही.

आम्ही घरी आलो. निघताना डॉक्टरीणबाईंनी एकच गोष्ट दोनदा सांगितली: पोरगी अजून कमजोर आहे, खोकणारं माणूस तिच्या जवळ येऊ देऊ नका.

घरी मी तिचे कान तपासायला लागले. वाटीवर चमचा वाजवायचा. किल्ल्या हलवायच्या. कधी पापणी फडफडे. पण मी वाकले म्हणून उजेड हलला आणि फडफडली, की आवाजाने, ते कसं ठरवणार? कधी काहीच नाही. बसले की वाटे आत्ता वाजवून पाहावं, वाजवलं की वाटे आधी नीट वाजलंच नाही. सासूबाईंना वाटे मी तिला खेळवते आहे. त्या कौतुकाने म्हणत, एवढ्या लवकर कशाला.

एकदा मी दुधाच्या भुकटीच्या टिनाचं झाकण पाळण्यामागे मुद्दाम खाली टाकलं. मागे वळले तर दारात श्रीधर. त्यांनी झाकण उचललं, टिनावर बसवलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातून आले तर ते पाळण्याच्या डोक्याशी वाकून, अगदी हळू, टाळ्या वाजवत होते. मला पाहून म्हणाले, डास होता.

आम्ही त्यावर बोललो नाही. बोललो असतो तर ते खरं झालं असतं, असं काहीतरी दोघांच्याही डोक्यात असावं.

बारसं

बारावा दिवस दवाखान्यातच गेला होता, म्हणून बारसं नंतर ठेवलं. या वेळी सासूबाईंनी मोजक्याच बायका बोलावल्या. पण आत्याशिवाय बारसं होत नाही. नाव आत्या ठरवते, कुणाला सांगत नाही, पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र करते आणि तिथेच पहिल्यांदा ते नाव उच्चारते. ती सांगत असताना बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. सगळ्या विधीत मला तेवढा भाग पटतो.

बाळाची आत्या म्हणजे श्रीधरची थोरली बहीण, कुसुमवन्सं. त्यांना सावनेरला दिलं होतं. त्यांच्या घरचा कापसाचा जिन होता आणि यंत्रं चालू असताना गडीमाणसांना हाका मारून मारून त्यांचा आवाज असा झाला होता की त्या हळू बोलल्या तर लोकांना वाटे काही बिनसलं आहे. भाषाही सावनेरची झाली होती, ती सासूबाईंना आवडत नसे. बसमधून उतरून त्या जिना चढल्या, अंगडं-टोपडं, चांदीचे वाळे, सगळं घेऊन, आणि वरच्या पायरीवर थांबून खोकल्या. तो खोकला मला ओळखीचा होता. तो वॉर्डातला होता.

ताप होता का, मी विचारलं. "होता जरासा, मागच्या हप्त्यात. आता मस्त हाय. कुठी हाय माही भाची?"

मी पाळण्यासमोर उभी राहिले. मुद्दाम नाही, पाय गेले. मी म्हटलं, "वन्सं, जवळ जाऊ नका."

सासूबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. 

"म्हंजे?" वन्सं म्हणाल्या. "मी रोगीण हाय का वं? सावनेरहून उभ्यानं आली मी. आत्या नाव नाही ठेवणार तं कोन, तो न्हावी?"

मी म्हटलं, नाव तुम्हीच ठेवा, आठवड्याने ठेवा, पंधरवड्याने ठेवा. त्यावर कुणीतरी पुढे मुहूर्त नाही म्हणालं, कुणी म्हणालं पदर लावून वाकायला काय हरकत आहे, कुणी म्हणालं हल्लीच्या शिकलेल्या मुली. मला त्या क्षणी पुन्हा चंद्रात बसवलं आहे असं वाटलं. फक्त या वेळी माझ्या डोक्यावर मुकुट नव्हता. मी म्हटलं, "नाही."

सासूबाई उठल्या. मला वाटलं आता माझ्यावर येणार. त्या वन्संना म्हणाल्या, "कुसुम, ती म्हणते तसं कर. मागच्या वेळी मी ऐकलं नाही."

वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाने खोकला आला, आणि तो त्यांनी पदरात दाबला. वाळ्यांची पुडी हातातच होती. त्यांना स्वतःला मूल नव्हतं, हे मला सांगायला हवं. या भाचीची त्यांनी माझ्याइतकीच वाट पाहिली होती.

तेवढ्यात दाराशी उभे असलेले श्रीधर म्हणाले, "ताई, खाली चौकात उभी राहून सांग की नाव. तुझा आवाज पोचतो."

बायका हसल्या. वन्संनी आधी रागाने पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर, नाकारता येणार नाही असा, थोडा गर्व आला. श्रीधर मात्र हसत नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते, आणि मला कळलं की त्यांनी चौक फ्लूसाठी सुचवलेला नाही. निदान फक्त फ्लूसाठी नाही.

वन्सं खाली गेल्या. बायका मागोमाग गेल्या, कारण धपाट्यांचा हक्क कुणी सोडणार नव्हतं. वर मी, श्रीधर, सासूबाई. पाळणा गॅलरीच्या दाराशी ठेवला. मी सासूबाईंना म्हटलं, दोरीला हात लावू नका. मी स्वतः मागे सरकले, सावलीही पडू नये इतकी. ती जागी होती आणि छताकडे पाहत होती. माझे हात कुठे ठेवावेत ते मला कळत नव्हतं. मी एका हाताने दुसरा धरून ठेवला.

खालून कुर्र आलं. मग धपाटे, मग खोकल्याची उबळ, मग एक क्षण काहीच नाही. आणि मग, कापसाच्या यंत्रांवरून पलीकडच्या गड्याला हाक मारावी तशी:

"मृदुला!"

गॅलरीतली कबुतरं उडाली. पाळण्यात दोन्ही हात एकदम फेकले गेले, दहाही बोटं पसरली. तोंड आधी वाकडं झालं, मग लाल, आणि मग तिने आवाज काढला. बिजागरीचा नव्हे. चांगला, भरघोस, सावनेरच्या घराण्यातला.

"घाबरली ना पोर," म्हणत सासूबाई पुढे धावल्या. मी त्यांचा हात धरला. गॅलरीत जाऊन खाली वाकले. वन्सं मान वर करून, घाबऱ्या चेहऱ्याने उभ्या होत्या. त्यांना वाटलं त्यांचं काही चुकलं.

"आणखी एकदा म्हणा, वन्सं," मी म्हटलं.

त्यांनी म्हटलं. ती आणखी जोरात रडली. मी पुन्हा म्हणा म्हटलं. तिसऱ्या हाकेला न्हाव्याच्या दुकानातून एक माणूस अर्ध्या दाढीचा साबण तोंडावर घेऊन चौकात आला आणि वर पाहून ओरडला, "काय झालं जी? पोरगी हरवली काय?"

श्रीधर माझ्या शेजारी कठड्याला टेकून उभे होते. मी कधी ऐकला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात त्यांनी खाली सांगितलं, "नाही, आहे. इथेच आहे."